आभार तुम्ही माना!

मैत्रिणींनो, ‘बायकांचा आवाज पोचत नाही’ हे आपण किती सभांत ऐकलं? फुलं द्यायची आपण, आभार मानायचे आपण. मधले दोन तास त्यांचे. १८८९ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेत पंडिता रमाबाई विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलायला उभ्या राहिल्या. पुरुषांनी भरलेल्या त्या मंडपात आवाज पोचेना. तेव्हा त्यांनी सुनावलं, की आमचा आवाज मोठा व्हावा अशी संधी तुम्ही दिलीत कधी?

तो सवाल अजून शिळा झालेला नाही. ७३व्या घटनादुरुस्तीनं १९९३ साली पंचायतीत खुर्ची दिली. माईक बऱ्याच ठिकाणी नवऱ्याच्याच हातात राहिला.

गेल्या वर्षी एका गावात दारूबंदीवर बोलायला मला बोलावलं. आठ दिवस मी घरोघरी बसून हिशेब घेतला: मजुरी किती, गुत्त्यावर किती जाते. चार मुद्दे वहीत लिहिले, भाकऱ्या थापताना मोठ्यानं म्हणून पाहिले. माझं नाव पुकारलं तेव्हा संयोजक कानाशी म्हणाले, ‘ताई, दोनच शब्द.’ मी माईक माझ्या उंचीला आणला आणि वीस मिनिटं बोलले. मागं उभ्या बायका पुढं येऊन बसल्या, आपापले आकडे सांगू लागल्या.

भाषण ही देणगी नव्हे, सवय आहे. माईक हातात आल्याशिवाय ती लागत नाही. म्हणून निमंत्रण आलं की आधी विचारा: किती मिनिटं, कितवा क्रमांक? उत्तर ‘आभारप्रदर्शन’ असेल तर सांगा, आभार तुम्ही माना, मुद्दा आम्ही मांडू!