लोरेन्झोकडे ते बटण असतं तर

कंट्रोलर हाती : साप्ताहिक सदर
– खेळ्या

'मोटोजीपी २२' हा खेळ एप्रिल २०२२ मध्ये बाजारात आला. मिलानच्या माइलस्टोन कंपनीचा. ही कंपनी २०१३ पासून दरवर्षी नेमाने मोटोजीपीचा खेळ काढते, आणि दरवर्षी तोच प्रश्न पडतो की गेल्या वर्षीचा घरात असताना नवा कशाला घ्यायचा? रायडरांचे कपडे बदलतात, गाड्यांवरचे जाहिरातदार बदलतात, ढग थोडे बरे दिसतात. त्या वर्षी मात्र घेण्यासारखं एक कारण होतं. खेळात एक आख्खा जुना हंगाम घातला होता, 'नाइन : सीझन २००९'.

नाइन म्हणजे व्हॅलेंटिनो रॉसीचं सगळ्या गटांतलं मिळून नववं जगज्जेतेपद. 'फास्टर' हा गाजलेला माहितीपट करणारा मार्क नील इथे निवेदक आहे. तो गोष्ट सांगतो, २००९ चं खरं चित्रण पडद्यावर दिसतं, रायडर हेल्मेट चढवतो, आणि मग गाडी आपल्या ताब्यात येते. कधी आपण रॉसी, कधी होर्हे लोरेन्झो, कधी केसी स्टोनर, कधी डॅनी पेड्रोसा. समोर एक काम लिहून येतं. ते झालं की पुढचं प्रकरण. नाही झालं तर तेच पुन्हा.

सगळ्यांना आठवते ती शर्यत कातालुन्याची, १४ जून २००९. रॉसी आणि लोरेन्झो दोघेही यामाहाचे, एकाच संघातले, पण त्यांच्या गॅरेजमध्ये मधोमध भिंत होती. २००८ मध्ये दोघांचे टायर वेगळ्या कंपन्यांचे होते, म्हणून ती घातली असं सांगितलं जायचं. २००९ पासून सगळ्यांना ब्रिजस्टोनचेच टायर आले. भिंत जिथल्या तिथेच राहिली. बार्सिलोनाच्या त्या ट्रॅकवर शेवटच्या फेऱ्यांत दोघांनी एकमेकांना इतक्यांदा मागे टाकलं की कोण पुढे आहे हे सांगताना समालोचकांची दमछाक झाली. शेवटच्या वळणाला लोरेन्झो पुढे होता. ते उजवीकडचं वळण आहे आणि तिथे कुणी कुणाला ओलांडत नाही, असा तोवरचा समज. रॉसी आतून घुसला आणि ०.०९५ सेकंदांनी जिंकला.

हे खेळात करून बघण्यात खरी गंमत आहे, आणि त्याचं श्रेय माइलस्टोनला द्यायला हवं. मोटरसायकलच्या खेळात मोटारीच्या खेळासारखं भागत नाही. पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळ्या बोटांवर असतात. त्या वळणाकडे येताना पुढचा ब्रेक जरा उशिरा आणि जरा जोरात दाबला की मागचं चाक हलकं होऊन डुलायला लागतं, गाडी सरळ पळत राहते आणि आपण बाहेरच्या रेतीत. लवकर सोडला तर वळणाच्या मध्यावर वेग जास्त होतो, आणि तेवढ्यात लोरेन्झो आतल्या बाजूने परत पुढे. गाडी पूर्ण आडवी केलेली असताना ब्रेकला नुसतं बोट लागलं तरी पुढचं चाक निसटतं. ट्रिगर किती सोडायचा हे बोटाला कळावं लागतं, डोक्याला कळून काही उपयोग नाही. बऱ्याच आपटाआपटीनंतर कधीतरी ते जमतं, आणि जमतं त्या क्षणी रॉसीने काय केलं होतं ते टीव्हीपुढे बसून कधी कळलं नव्हतं इतकं कळतं.

पण या खेळाच्या पोटात एक बटण आहे, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे. रिवाइंड. पडलात? काही सेकंद मागे जा. वळण पुन्हा घ्या. ज्यांना फक्त संध्याकाळी अर्धा तास खेळायचं आहे त्यांच्यासाठी ही सोय चांगली आहे, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण हंगाम निवडताना नेमका २००९ निवडला, आणि २००९ हा पडण्याचा हंगाम होता.

हिशेब मांडू. शर्यती १७. रॉसीने ६ जिंकल्या, लोरेन्झोने ४, स्टोनरने ४, पेड्रोसाने २ आणि आंद्रेआ डोव्हित्सिओसोने १. शेवटी रॉसीचे गुण ३०६, लोरेन्झोचे २६१. फरक ४५ चा. लोरेन्झोला चार शर्यतींत भोपळा मिळाला. हेरेझला घरच्या प्रेक्षकांसमोर तो स्टोनरच्या पाठलागात पडला. डॉनिंग्टनला ओलसर ट्रॅकवर ब्रेक लावताना चाक रंगवलेल्या पट्ट्यावर गेलं. ब्रनोला रॉसीशी पहिल्या जागेसाठी झुंजताना पडला. फिलिप आयलंडला पहिल्याच वळणावर निकी हेडनच्या ड्युकाटीला धडकला. तिसऱ्या क्रमांकाला १६ गुण असतात. या चारांतल्या तीन शर्यतींत तो नुसता तिसरा आला असता तरी सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, आणि २००९ चा जगज्जेता होर्हे लोरेन्झो.

रॉसी काही पडलाच नाही असं नाही. ल माँला ओल्या-सुक्या ट्रॅकवर गाडी बदलण्याच्या गोंधळात त्याचं सगळं बिनसलं आणि तो १६ वा, म्हणजे शेवटचा आला. इंडियानापोलिसला पडला तेव्हा शर्यत लोरेन्झोने नेली. पुढच्या मिसानोच्या शर्यतीला रॉसी हेल्मेटवर गाढवाचं तोंड काढून आला, जिंकला, आणि मग डोक्यावर गाढवाचे कान लावून प्रेक्षकांपुढे मिरवला. स्वतःच्या चुकीची अशी जाहीर टिंगल करणारा जगज्जेता दुसरा मला माहीत नाही. पण ते कान त्याला शोभले, कारण पडणं खरं होतं आणि त्याचे गुण खरेच गेले होते.

म्हणजे ते विजेतेपद कातालुन्याच्या शेवटच्या वळणापेक्षा या भोपळ्यांनी ठरवलं. तिथे रॉसी दुसरा आला असता तर त्याचे पाच गुण कमी झाले असते, लोरेन्झोचे पाच वाढले असते, आणि तरीही रॉसी ३५ गुणांनी पुढेच राहिला असता. खेळाचा जीव त्या वळणात आहे, हंगामाचा जीव डॉनिंग्टनच्या पट्ट्यावर. पण पट्ट्यावर घसरण्याचं प्रकरण कोण विकत घेणार? खेळाडूला काहीतरी जिंकायला द्यावं लागतं. त्यामुळे 'नाइन' एक-एक पराक्रम सुटा करून आपल्या हातात देतो आणि गुणतक्ता निवेदकाच्या तोंडी जातो.

केसी स्टोनरच्या बाबतीत तर खेळाचा नाइलाजच होतो. २००७ चा जगज्जेता, ड्युकाटीचा ऑस्ट्रेलियन. हंगामाची पहिली, कतारची शर्यत त्याने जिंकली होती, मुजेलोही जिंकलं होतं. कातालुन्याला तिसरा आला तेव्हा त्याच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. पुढे शर्यतीमागून शर्यती तो असाच गळून जायचा, आणि कारण कुणालाच सापडेना. ब्रनो, इंडियानापोलिस, मिसानो अशा तीन शर्यती सोडून तो ऑस्ट्रेलियाला घरी गेला. ऐन भरात अशी रजा घेतली म्हणून लोक वाटेल ते बोलले, मनाचा कच्चा इथपर्यंत. एस्तोरिलला परतला तो थेट दुसरा, आणि मग फिलिप आयलंड आणि सेपांग लागोपाठ जिंकला. दुखणं नंतर निघालं ते दुधातली साखर न पचण्याचं.

आता हे कंट्रोलरवर कसं दाखवायचं? दहाव्या फेरीनंतर बटणं जड करायची? ट्रिगर अर्धाच दबू द्यायचा? मला वाटतं, करून बघायला हवं होतं. वळण बरोबर, ब्रेक बरोबर, आणि तरीही गाडी हळूहळू मागे पडतेय, का ते कळत नाही. असं एक प्रकरण असतं तर त्या वर्षी स्टोनरला नावं ठेवणाऱ्यांना घरबसल्या उत्तर मिळालं असतं. रिवाइंड कितीही दाबा, उपयोग शून्य.

आपल्याकडचा एक धागाही याच खेळांत आहे, तो सांगून टाकतो. महिंद्राने २०११ मध्ये १२५ सीसी गटात जागतिक शर्यतींत उडी घेतली आणि मग मोटो३ मध्ये २०१७ पर्यंत गाड्या पळवल्या. त्या काळातल्या माइलस्टोनच्या खेळांत महिंद्राची गाडी निवडता यायची. २०१६ मध्ये असेनला महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला तो फ्रान्चेस्को बान्याइयाने, म्हणजे पुढे २०२२ आणि २०२३ ला मोटोजीपीचा जगज्जेता झालेल्या माणसाने. सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर आली. उकाड्यामुळे शर्यतीच्या फेऱ्या २४ च्या २१ केल्या आणि तरीही दुसरा आलेला होर्हे मार्टिन शेवटी पार कोलमडला. खेळात नोएडाचं ऊन कुणाला लागत नाही.

'नाइन'सारखा प्रयोग माइलस्टोनने पुन्हा करावा, आणि करायचा तर २००६ चा हंगाम घ्यावा. रॉसी तोवर सलग पाच वर्षं जगज्जेता. समोर होंडाचा निकी हेडन, वर्षभरात शर्यती जिंकल्या फक्त दोन, असेन आणि लागुना सेका. शेवटून दुसऱ्या, एस्तोरिलच्या शर्यतीत हेडनला त्याच्याच संघाच्या पेड्रोसाने धडकून पाडलं. रॉसीला रान मोकळं. आणि तिथे टोनी एलियास, ज्याने मोटोजीपीत त्याआधी एकही शर्यत जिंकली नव्हती आणि नंतरही जिंकली नाही, त्याने रॉसीला ०.००२ सेकंदांनी हरवलं. शेवटच्या व्हॅलेन्सियाला रॉसी आठ गुणांची आघाडी घेऊन आला, पाचव्या फेरीत पडला, गाडी उचलून तेरावा आला. हेडन तिसरा. २५२ विरुद्ध २४७. एस्तोरिलचे ते पाच गुण रॉसीला मिळाले असते तर दोघे बरोबरीत आले असते आणि जास्त विजयांच्या जोरावर विजेतेपद रॉसीकडे गेलं असतं.

त्या खेळात मला एस्तोरिलला रॉसी द्या, व्हॅलेन्सियाला हेडन द्या. पेड्रोसाची ती धडक टाळायची काही सोय ठेवू नका. रिवाइंडचं बटण त्या प्रकरणांपुरतं बंद करा, आणि गुणतक्ता सतत पडद्याच्या कोपऱ्यात असू द्या. पूर्ण किंमत मोजून घेईन.