जखम आमची, वही कोणाची?



ज्वारीचे नवे वाण सोडायचे तर विद्यापीठ आधी काही वर्षे ठिकठिकाणी चाचण्या घेते. भारी जमिनीत काय, हलक्या रानात काय, पाऊस ओढला तर काय, सगळे मोजले जाते. मी त्याच शास्त्राची पदवी घेतली, म्हणून सांगतो. पण त्या ज्वारीच्या मळणीत ज्याचा हात यंत्रात गेला, त्याच्या उपचाराची चाचणी कोणत्या रानात झाली? तालुक्यालाच नीट बांधला असता तर हात वाचला असता का, हे कोणत्या वहीत आहे?

साहेब लोक म्हणतात, संशोधन ही श्रीमंतांची चैन. तुम्हाला आधी डॉक्टर हवा, गाडी हवी. द्या की! आम्ही कधी नको म्हटले? १०८ ची गाडी २०१४ पासून आली, बरे झाले. पण गाडी कुठे उशिरा पोचते, औषध कुठे कमी पडते, हे मोजल्याशिवाय सुधारणार काय आणि कसे?

चैन म्हणणाऱ्यांनी डॉ. हिंमतराव बावस्करांकडे पाहावे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, आपल्याच मराठवाड्याचे. १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू चावून धडधाकट माणसे मरत होती आणि पुस्तकात उपाय नव्हता. या माणसाने रोग्याच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारठा लिहून काढला. १९८२ साली ते लंडनच्या ‘लॅन्सेट’ने छापले. विष रक्तवाहिन्या आवळते, हृदयावर भार येतो, फुप्फुसात पाणी होते, हे त्या नोंदींतून उलगडले. मग रक्तदाबाची साधी, स्वस्त प्राझोसिनची गोळी देऊन पाहिली. गंभीर रोग्यांत शेकडा तीसच्या आसपास मरत, ते प्रमाण पुढे तीनच्या खाली आले. लंडनला लाल विंचू चावत नाही, म्हणून लंडनला तो प्रश्नच पडला नव्हता. सरकारने २०२२ साली पद्मश्री दिली. तोवर ती गोळी वापरात येऊन पस्तीस-चाळीस वर्षे झाली होती.

आता दुसरी बाजू पाहा. ट्रानेक्झॅमिक ॲसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या स्वस्त औषधाच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१० साली आला. चालवली लंडनहून, भारतासह ४० देशांतले वीस हजारांवर जखमी तिच्यात होते. निकाल असा की तीन तासांच्या आत दिले तर जीव वाचतात, त्यानंतर दिले तर उलट अपाय होऊ शकतो. चाचणी उत्तम, तक्रार नाही. पण पाटोदा-आष्टीच्या डोंगरपट्ट्यातल्या वस्तीवरून जखमी किती तासांत सुईपर्यंत पोचतो? आधी मोटारसायकल, मग जीप, मग ‘पुढे न्या’ म्हणून चिठ्ठी. तीन तास आमच्याकडे कुठे संपतात, फाट्यावर की दवाखान्याच्या दारात?

मुंबईत केईएम आणि शीवच्या रुग्णालयांत २०१३ पासून माणसे शिकवून, नेमून जखमींच्या बारकाईने नोंदी झाल्या. त्या कामाला नमस्कार. पण दवाखान्याच्या वहीत जो पोचला तोच येतो. आमचा जो वाटेत गेला, तो त्या वहीत कधीच येणार नाही. त्याची नोंद गावातच घ्यावी लागेल, आणि ती घेणारा माणूस गावचाच लागेल. बाहेरून पाहुणा यावा, चार दिवस अर्ज भरून न्यावेत आणि त्याचे नाव छापून यावे, असले संशोधन आम्ही पुष्कळ पाहिले.

गावच्या माणसाला हे जमेल का, असे विचारणाऱ्यांनी गडचिरोलीला जावे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी थोडीफार शाळा शिकलेल्या गावच्या बायांनाच नोंदी आणि उपचार शिकवले. १९९९ साली निकाल छापला: नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

आणि वाट पाहिली तर काय होते, तेही पाहिले आहे. २०१७ साली यवतमाळात कपाशीवर फवारताना वीसहून जास्त माणसे गेली. चौकशी पथक नेमले गेले ते माणसे मेल्यावर. पहिल्या पाच रोग्यांची नोंद कोणी एकत्र पाहिली असती तर?

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्या नावात ‘ग्रामीण’ हा शब्द आहे. तिथे पुढचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. तेव्हा मागणी अशी: दर वर्षी काही प्रबंध मळणीयंत्र, कोयता, फवारणी, सर्पदंश आणि विहिरीत पडणे यांवर व्हावेत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातली एक परिचारिका आणि प्रत्येक मोठ्या गावातला एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी या कामासाठी तयार करावी, पगार देऊन. फुकटची सेवा नको. आणि निघालेला निकाल आधी मराठीत ग्रामसभेपुढे वाचावा, इंग्रजीत मग खुशाल छापा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने गेल्या वर्षातल्या जखमींची यादी आणावी. नावे नकोत. कशाने लागले, किती वाजता, कोणत्या वाहनाने नेले, किती वाजता पोचले, आज जिवंत आहे का, कामाला जातो का. शाळेच्या वहीचे एक पान पुरेल.