रामकथेचा जपानी चित्रकार

परदेशी माणूस रामायणावर चित्रपट काढतो म्हटले की मनात शंकेची पाल चुकचुकते. युगो साको यांच्याविषयीही प्रारंभी भारतातून आक्षेप घेतले गेले. परंतु १९९२ साली पूर्ण झालेला आणि २४ जानेवारी २०२५ रोजी आपल्या चित्रपटगृहांत नव्याने झळकलेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ पाहिला की त्या शंकेला जागा उरत नाही.

प्रा. बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करताना साको रामकथेत गुंतले. प्रभू रामचंद्रांचे देवत्व नटापेक्षा चित्रातूनच नीट प्रकटेल, ही त्यांची धारणा. सहदिग्दर्शक राम मोहन यांचे भारतीय सहकारी जपानी चित्रकारांना धोतर कसे नेसतात, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद कसा घेतात, हे शिकवीत. पडद्यावरची अयोध्या उपरी वाटत नाही, ती त्यामुळेच! सुमारे एक लाख चित्रे हातांनी रेखाटली गेली. वसंत देव यांची संस्कृत गीते तर कानांत रेंगाळतात.

सव्वादोन तासांत सारी कथा कोंबल्याने काही प्रसंग धावतात, आणि उत्तरार्धात युद्धच फार आहे. अगदी लहानग्यांना कुंभकर्ण भिववील. त्यांच्याशेजारी आजी-आजोबांनी बसावे. ओशाळून नजर वळवावी असे मात्र काहीही नाही.

हा चित्रपट हिंदी, इंग्रजी, तमिळ, तेलुगूत आला. गदिमांच्या महाराष्ट्रात तो मराठीत का येऊ नये, हे वितरकांना विचारायला हवे.