बाटलीतला विषाणू, बागेतला विषाणू

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात विषाणूची बोळवण एका वाक्यात होते: तो सजीव आणि निर्जीव यांच्या सीमारेषेवर आहे. परीक्षेत या वाक्याला गुणही मिळतात. पण हे उत्तर नव्हे, प्रश्न टाळण्याची सभ्य रीत आहे. माझं मत विचाराल तर विषाणू सजीव आहे. आपण त्याला भलत्या जागी शोधतो, एवढंच.

हा घोळ तंबाखूच्या पानांपासून सुरू झाला. 1892 साली रशियात दिमित्री इव्हानोव्स्की यांनी रोगट पानांचा रस चिनी मातीच्या बारीक गाळणीतून काढला. जिवाणू त्या गाळणीत अडकतात, तरी खाली उतरलेला रस रोग पसरवतच राहिला. 1898 मध्ये हॉलंडच्या मार्टिनस बायेरिंक यांनी या रसात एक जिवंत, द्रवरूप संसर्ग असल्याचं मांडलं. मग 1935 मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी रोगट तंबाखूच्या रसातून सुईसारखे बारीक स्फटिक वेगळे काढले. स्फटिक म्हणजे मीठ-साखरेच्या जातीची वस्तू. बाटलीत भरा, फळीवर ठेवा. ना खाणं, ना श्वास, ना वाढ. तेच पाण्यात विरघळवून निरोगी पानावर चोळले, की काही दिवसांत फिकट आणि गडद हिरवे चट्टे उमटायचे आणि त्या झाडाच्या रसात पुन्हा तोच विषाणू सापडायचा, चोळला होता त्याच्या कितीतरी पट. स्टॅन्लींना ते निव्वळ प्रथिन वाटलं होतं. त्यात आरएनएही आहे, हे इंग्लंडमधल्या बॉडेन आणि पिरी यांनी लवकरच दाखवलं. 1946 मध्ये स्टॅन्लींना विभागून नोबेल मिळालं, ते रसायनशास्त्राचं. विषाणू म्हणजे एक रसायन, ही समजूत त्या बाटलीपाशी पक्की झाली.

विषाणूला निर्जीव म्हणणाऱ्यांची यादी ओळखीची आहे. त्याला पेशी नाही, चयापचय नाही, प्रथिनं बनवणारे रायबोसोम नाहीत, परक्या पेशीशिवाय त्याची वाढ नाही. सगळं खरं. पण परावलंबन हा निकष लावायचा, तर रिकेट्सिया आणि क्लॅमिडिया हे जिवाणूही दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय वाढत नाहीत. त्यांना कुणी निर्जीव म्हटल्याचं ऐकिवात नाही.

फ्रेंच शास्त्रज्ञ पॅट्रिक फोर्तेर यांनी या वादाला वेगळीच दिशा दिली. पेशीबाहेरचा कण म्हणजेच विषाणू, ही समजूतच त्यांना मान्य नाही. विषाणूने ताबा घेतलेली पेशी ही त्याची जिवंत अवस्था, आणि तिला ते ‘व्हायरोसेल’ म्हणतात. मला हे पटतं. पोत्यातला दाणा पाहून ज्वारीच्या पिकाबद्दल निकाल द्यावा, तसं आपण आजवर करत आलो. दाणा मंदपणे का होईना श्वसन करतो आणि विषाणूचा कण तेही करत नाही, हे मान्य; पण निकाल कशाकडे पाहून द्यायचा, हा मुद्दा त्याने बदलत नाही.

यावर आक्षेप येतो की पेशी मुळात जिवंत असतेच, तिचं श्रेय विषाणूला कशाला? 2009 मध्ये मोरेइरा आणि लोपेझ-गार्सिया या संशोधकद्वयीने तर विषाणूंना जीवसृष्टीच्या वंशवृक्षातून वगळण्याची दहा कारणं मांडली. विषाणू स्वतः उत्क्रांत होत नाहीत, पेशी त्यांना उत्क्रांत करतात, हा त्यांचा रोख. आक्षेप दमदार आहे. पण टी-4 नावाच्या विषाणूचं काम पाहा. तो ई. कोलाय जिवाणूत आपला डीएनए सोडतो आणि जिवाणूच्या डीएनएचे तुकडे करून त्यांचाच कच्चा माल वापरतो. पुढे ऊर्जा तयार होत राहते, प्रथिनं बनत राहतात, आणि साधारण अर्ध्या तासात जिवाणू फुटून शेकडो नवे कण बाहेर पडतात. त्या अर्ध्या तासात आत जे जगतंय, ते कोण? जिवाणूचा आराखडा तर केव्हाच मोडीत निघालेला असतो. रायबोसोम त्याचे, हुकूम विषाणूचे, आणि पुढची पिढीही विषाणूचीच. निसर्गाची निवड चालते ती याच पिढ्यांवर.

हा वाद कागदावरचा नाही. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडच्या केळी उत्पादकांना तो सीएमव्ही या विषाणूच्या रूपात भेटतो. कोवळ्या रोपाच्या पानांवर पिवळे पट्टे दिसले, की फवारून रोप बरं करणारं औषध नसतं. सल्ला ठरलेला: रोप मुळासकट उपटा, बागेबाहेर नेऊन नष्ट करा, मावा आटोक्यात ठेवा आणि केळीत काकडी, मिरची, टोमॅटो घेऊ नका. औषध नाही, कारण या विषाणूचा कारभार चालतो केळीच्याच पेशीतल्या यंत्रणेवर; तिच्यावर घाव घालायचा तर केळीवरच घाव बसतो. शेतकरी उपटतो ते रोप त्या घडीला विषाणूचाही देह असतो. ‘व्हायरोसेल’ हे नाव कानावर न पडताही तो फोर्तेर यांचं म्हणणं बांधावर अमलात आणत असतो.

माणसाच्या आजारातही हेच. सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही, कारण ते जिवाणूच्या ज्या भागांवर हल्ला करतं ते विषाणूकडे नसतातच. नागिणीवरचं ॲसायक्लोव्हिर लागू पडतं, ते विषाणू पेशीत शिरून आपल्या प्रती काढत असताना. बाहेरच्या कणाला त्याचं सोयरसुतक नसतं.

म्हणून पाठ्यपुस्तकवाल्यांना एक सुचवतो. सीमारेषेचं वाक्य काढा आणि शेजारी शेजारी दोन चित्रं छापा: एक कणाचं, दुसरं त्याने ताबा घेतलेल्या पेशीचं. पहिल्याखाली ‘निर्जीव’ लिहिलंत तरी माझी तक्रार नाही. दुसऱ्याखाली काय लिहायचं ते मुलांना ठरवू द्या, आणि कारणासह उत्तर लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या.