पिलर जाईल, फ्रेम राहील

पावसाळा सरला की कोल्हापुरात कळंबा तलावाकडच्या रस्त्यावर पहाटे सायकली पुन्हा दिसू लागतात. चार महिने जिन्याखाली उभी असलेली सायकल बाहेर निघते, हवा भरली जाते, चेनला तेल मिळतं आणि मग कुणाला तरी सीट बोटभर वर घ्यायची असते. क्लॅम्पचा बोल्ट ढिला होतो, सीट मात्र जागची हलत नाही. ओढून नाही, मुरगाळून नाही, मागचं चाक गुडघ्यांत धरून गदागदा हलवूनही नाही. मग दुकान गाठलं जातं आणि तिथे निदान एका शब्दात होतं : ‘गंजलंय.’ माझं भांडण या एका शब्दाशी आहे. फ्रेम पोलादी आणि सीट पिलर ॲल्युमिनियमचा असेल, तर आत जे झालंय तो आपल्या ओळखीचा तांबूस गंज नव्हे. आणि गंज समजून केलेल्या उपायांत पिलर तर वाचत नाहीच, वर फ्रेमही हातची जाते.

दुकानदाराला अडाणी ठरवायचा इथे हेतू नाही. त्याचा हात तयार झाला तो हर्क्युलस, ॲटलास, हिरोच्या काळ्या सायकलींवर. त्यांची फ्रेम लोखंडी, पिलरही लोखंडी, वरून क्रोमचं पाणी दिलेलं. अशा जोडीत लोखंडाचा गंज धरतो, पण तो गंज भुसभुशीत असतो, तेल पितो. रात्रभर रॉकेल मुरू द्यायचं, सकाळी दोन टोले घालायचे, सीट पिळायची. जुन्या सायकलीत हे बहुतेक वेळा जमायचं, म्हणून ते शास्त्र झालं. आता गिअरच्या सायकलींत हलका म्हणून ॲल्युमिनियमचा पिलर येतो, ज्याला दुकानात ‘अलॉय’ म्हणतात, आणि पोलादी फ्रेमच्या मालकालाही तोच हवा असतो. अनुभव खोटा ठरला नाही. त्याच्या हाताखालचा धातू बदलला. म्हणून कोणताही पान्हा हातात घेण्याआधी एक साधा चुंबक घ्यावा. तो फ्रेमला चिकटला आणि पिलरवरून घसरला, तर रॉकेलची बाटली बाजूला ठेवलेली बरी.

दोन वेगळे धातू ओलीत एकमेकांना टेकले की त्यांचा एक बारीकसा विद्युतघट होतो. टॉर्चच्या सेलमध्ये चालतं तेच, फक्त इथे दिवा लागत नाही. दोघांत जो धातू इलेक्ट्रॉन लवकर सोडतो तो झिजतो आणि दुसरा त्याच्या जिवावर टिकतो. लोखंडाची गंमत अशी की त्याचं नशीब संगतीवर ठरतं. इंग्लंडच्या नौदलाने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्याने मढवला. दोन वर्षांनी जहाज तपासलं, तेव्हा पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे कुजून गेलेले आढळले. जिथे पत्र्याच्या बांधणीतला तपकिरी कागद पत्रा आणि खिळा यांच्यामध्ये अडकून राहिला होता, तिथले खिळे मात्र शाबूत होते. त्या कागदाकडे पुढे परत यायचंय. सायकलीत लोखंडाला तांब्याची नाही, ॲल्युमिनियमची संगत असते, म्हणून इथे लोखंड टिकतं आणि ॲल्युमिनियम झिजतं. झिजलेलं ॲल्युमिनियम निघून जात नाही, जागेवरच पांढऱ्या-करड्या पुडीत बदलतं. ते पाणी धरून हायड्रॉक्साइड झालं, तर मूळ धातूच्या तिपटीहून अधिक जागा मागतं. फ्रेमची नळी आणि पिलर यांच्यात जागा असते केसाएवढी. त्या जागेत तिप्पट फुगणारी वस्तू भरली की फट ठोकून बंद होते. तेल आत शिरायला वाटच उरत नाही. ते कडेने ओघळून बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅडलच्या आसाच्या, बेअरिंगात जातं आणि तिथलं ग्रीस धुऊन टाकतं.

हे कोकणातल्या खाऱ्या हवेचं दुखणं, कोल्हापुरात कुठला समुद्र, असं म्हणता येईल. पण सीट ट्यूबच्या तोंडाशी, क्लॅम्प आवळल्यावर नळी मिटावी म्हणून, उभी चीर ठेवलेली असते आणि बहुतेक सायकलींत ती नेमकी मागच्या चाकाकडे तोंड करून असते. मडगार्ड नसेल तर चाकाने उडवलेला सगळा चिखल त्या चिरेत. वरून घाम ठिबकतो, तो खाराच. घरी सायकल धुवायची ती बोअरच्या पाण्याने, जे बादलीच्या काठावर पांढरा थर सोडतं. आणि वॉशिंग सेंटरला नेली, तर तिथला फवारा याच पाण्याला जोर लावून आत ढकलतो. समुद्र कळंब्याला यावा लागत नाही.

आता मुद्द्याचं. पिलर सोडवण्याच्या बहुतेक धडपडी फसतात, कारण फ्रेम आणि पिलर दोन्ही वाचवायचा आग्रह असतो. कोण जाणार हे आधी ठरवलेलंच नसतं. सीटजवळ ओरखडा नको म्हणून पिलरला फडकं गुंडाळतात आणि जोर फ्रेमवर काढतात. वरची नळी जिथे सीट ट्यूबला जोडलेली असते, तिथे पीळ बसतो. खरं तर निवड अवघड नाही. पिलर ठरावीक व्यासाची सुटी वस्तू आहे, काही शेकड्यांत नवा मिळतो. फ्रेम म्हणजे सायकल. शिवाय ओलीतल्या विजेने तो निकाल केव्हाच देऊन टाकलाय : ॲल्युमिनियम झिजतंय, पोलाद टिकतंय. जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे मुद्दाम लावतात, ते झिजावेत आणि जहाज वाचावं म्हणून. हम्फ्री डेव्हीने ही युक्ती १८२४ साली सुचवली. आपल्या सायकलीत तो ठोकळा न मागता बसवला गेलाय, इतकंच. तेव्हा पिलर गेला असं मनाशी धरूनच कामाला लागावं. निघाला शाबूत तर नफा.

एकदा हे ठरलं की उपायांचा क्रम बदलतो. ‘गॅसने तापव, फुगेल आणि सुटेल’ हा सल्ला घ्या. तापवल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. २७.२ मिलिमीटरचा पिलर आणि त्याभोवतीची नळी, दोन्ही १०० अंशांनी तापली, तर पिलर मिलिमीटरच्या सहा शतांश वाढतो आणि नळी तीनच. म्हणजे सुटायच्या वेळी तो आणखी आवळला जातो. यावर जाणता मिस्त्री म्हणेल, आवळू दे की; नळीत कोंडलेला पिलर दबतो, पुडीचा थर फुटतो आणि गार झाल्यावर तो मूळ मापाहून किंचित बारीक होतो. हे म्हणणं खरं आहे आणि कधीकधी तसं सुटतंही. पण त्यात रंग जळतो, आणि पातळ नळीवर ज्योत कुठे किती वेळ थांबली हे हातावर सोडावं लागतं. त्यापेक्षा उलटा मार्ग स्वस्त : पिलरच्या पोकळीत प्लास्टिकच्या पिशवीतून बर्फ भरायचा आणि बाहेरून नळीला उकळत्या पाण्याचं फडकं द्यायचं. (बर्फ अधिक गार व्हावा म्हणून कुणी मीठ घालेल, तर ज्याने रोग झाला तेच औषध.) मग सीट काढायची, पिलरचं डोकं टेबलाला पक्क्या केलेल्या व्हाइसच्या जबड्यात आवळायचं आणि सायकल उलटी करून आख्खी फ्रेमच दांड्यासारखी फिरवायची. झटका न देता, थोडं इकडे, थोडं तिकडे. डोकं चेचलं जातं, पण ते जाणारच होतं. सुटायचं असेल तर एक करकर ऐकू येते आणि पांढरी पूड झडते. फ्रेम स्प्रिंगसारखी वळून परत येऊ लागली, तर तिथेच हात आवरायचा. त्यापुढचा जोर पिलर मोडत नाही, फ्रेम मोडतो.

त्यानंतर करवत. हा उपाय कंटाळवाणा आहे आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा. पिलर नळीच्या तोंडावर दोन बोटं ठेवून आडवा कापायचा. मग हॅक्सॉचं नुसतं पातं, एका टोकाला कापड गुंडाळून, पोकळीत सोडायचं आणि आतून बाहेरच्या दिशेने उभी चीर पाडत न्यायची. पिलर आत जितका लांब, तितकी चीर लांब, आणि शेवटच्या दोन सेंटिमीटरला हात पुरत नाही. पातं ॲल्युमिनियममध्ये असेतो कीस मऊ, पांढरट पडतो आणि आवाज बसका येतो. पोलादाला टेकलं की आवाज चढतो. त्या कानावर विश्वास नसेल, तर दर पाच मिनिटांनी कीस कागदावर झटकून त्यावरून चुंबक फिरवायचा. सगळा कीस कागदावरच राहिला तर चालू द्या. चुंबकाला दाढी फुटली की थांबा, पातं फ्रेममध्ये गेलंय. अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरावर दुसरी चीर पडली, की मधली पट्टी पकडीने आत वळवून उपटायची. बाकीचा पिलर पोकळीत कोसळतो. आयटीआयला फिटरच्या पोराला हॅक्सॉ आणि कानस आधी हातात देतात, ते या कामासाठी नव्हे, पण या कामाला ते पुरेसं आहे. कळंबा रोडवर शासकीय आयटीआय आहे आणि त्याच्या अलीकडे उद्यमनगरात लेथ आणि बोरिंग मशिनं उभी आहेत. मशिनवर आतला पिलर पोखरून कागदाएवढा पातळ करणं पंधरा मिनिटांचं काम. तिरक्या नळीची आख्खी सायकल मशिनवर सरळ रेषेत बांधणं हा खरा ताप, आणि मिस्त्री पैसे त्याचेच घेतो. घ्यावेत.

सगळं थकलं की कॉस्टिक सोडा उरतो, आणि त्याची गोष्ट जिल्ह्याच्या डोंगरातच सुरू होते. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीच्या सड्यावरचा बॉक्साइट बेळगावला हिंडाल्कोच्या कारखान्यात जातो. त्या दगडात ॲल्युमिनियम आणि लोखंड यांचे ऑक्साइड एकमेकांत गुंतलेले असतात. ते वेगळे करायची रीत कार्ल बायरने १८८८ च्या सुमारास शोधली : दगड दळून गरम कॉस्टिक सोड्यात शिजवायचा. ॲल्युमिनियमचा भाग विरघळतो, लोखंडाचा तसाच राहतो आणि लाल चिखल होऊन खाली बसतो. अडकलेल्या पिलरमध्ये हेच दोन धातू पुन्हा गळ्यात गळा घालून बसलेले असतात, आणि कॉस्टिक तिथेही तोच निवाडा करतो : ॲल्युमिनियम खातो, पोलादाला हात लावत नाही. मग पहिल्याच दिवशी का वापरू नये? कारण दहा सेंटिमीटर अडकलेला तुकडा चाळीस-पन्नास ग्रॅम भरतो आणि तो विरघळताना पन्नास लिटरच्या वर हायड्रोजन सोडतो. द्रावण आपोआप उकळीला येतं, नळीच्या तोंडातून उसळतं, आणि थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो. रंगही उतरतो आणि बॉटम ब्रॅकेटमधले अलॉयचे भाग न सांगता विरघळतात. म्हणून हे घरच्या मोरीत करायचं काम नव्हे. उघड्यावर, विस्तवापासून लांब, गॉगल आणि रबरी हातमोजे घालून, फ्रेमवरचं बाकी सगळं उतरवून, खालून बूच मारून आणि सोडा पाण्यात टाकत, पाणी सोड्यात नाही. इतकं सगळं ज्याला रोजच्या सवयीने जमतं, त्याच्याकडेच फ्रेम द्यावी. धोका आहे म्हणून उपाय खोटा ठरत नाही, त्याचा नंबर शेवटी लागतो.

एक आक्षेप मात्र मला निम्मा मान्य आहे : सीट योग्य उंचीवर अडकली असेल, तर राहू दे की. सायकल एकट्याची असेल आणि उंची जमत असेल, तर घाई नाही. पोलादाला धोका नाही, उलट ॲल्युमिनियम झिजतं तोवर ते सुरक्षितच आहे. पण पिलर सर्वांत जास्त खाल्ला जातो तो फ्रेमच्या तोंडाशी, आणि बसणाऱ्याचं वजनही नेमकं तिथेच पिलरला वाकवतं. शिवाय थर दरवर्षी वाढतो. यंदा जे बर्फाने सुटलं असतं, त्याला तीन वर्षांनी करवत लागते. वाढत्या वयाच्या मुलाची सायकल असेल, तर हा प्रश्न निघतच नाही. आणि ‘इतक्या खटाटोपापेक्षा नवी घ्या’ म्हणणाऱ्याने आधी जुन्या पोलादी फ्रेमवर नखाने टिचकी मारून ऐकावी.

राहिला तो अलार्म जहाजावरचा कागद. सायकलीत त्याचं काम ग्रीस करतं : दोन धातूंच्या मधे बसतं आणि पाण्याला येऊ देत नाही. ‘ग्रीस लावलं तर सीट खाली घसरेल’ ही भीती जवळपास सगळ्यांना असते. पण पिलर धरतो तो क्लॅम्प, खडबडीतपणा नव्हे. ग्रीस लावूनही घसरत असेल, तर पिलर मापाला बारीक आहे किंवा क्लॅम्पचे आटे गेलेत, आणि ते कळलेलंच बरं. (कार्बनच्या पिलरला ग्रीस चालत नाही, त्याची पेस्ट वेगळी मिळते.) कोल्हापुरात यासाठी तारीखही आयती आहे. पाऊस ओसरताच खंडेनवमी येते. उद्यमनगरात लेथला झेंडू चढतो, घरोघर गाड्या धुतल्या जातात, सायकलच्या हँडललाही हार पडतो. त्या दिवशी हार घालण्याआधी पिलरवर फ्रेमच्या तोंडाशी पेन्सिलीने खूण करायची, म्हणजे उंची हरवत नाही. मग बोल्ट ढिला करून तो पूर्ण बाहेर काढायचा. फडक्यावर पांढरी पूड आली तर नळीच्या आतूनही फडकं फिरवायचं. सायकल उलटी करून साठलेलं पाणी काढायचं, बोटभर ग्रीस लावायचं आणि पिलर खुणेपर्यंत परत सोडायचा. हळदीकुंकवाचं बोट ग्रीसच्या आधी की नंतर, ते घरातल्या थोरांना विचारावं.