शाळेंतील वाचन आणि घरचा अनुभव

तरुणांची दृष्टि कशानें घडते हा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडे दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. पहिला पाठ्यपुस्तकभक्तांचा. अमुक धडा घातला कीं मुलें शूर होतात, तमुक कविता वगळली कीं संस्कार बुडाले, अशी त्याची श्रद्धा. नवीं क्रमिक पुस्तकें निघालीं कीं धड्यांच्या यादीवरून तो हातघाईवर येतो. दुसरा पक्ष अनुभवभक्तांचा. पुस्तकांत काय आहे, खरी शाळा टक्क्याटोणप्यांची, असें तो ऐटीनें सांगतो; स्वतःच्या मुलांना मात्र शिकवण्यांत बुडवून ठेवतो. मला हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत. वाचन आणि अनुभव यांची गांठ पडते तेथेंच दृष्टि उपजते. आणि ही गांठ पडूं न देण्याचें काम आपल्या शाळा निबंधाच्या तासाला नेमानें करीत आहेत, असें माझें स्पष्ट म्हणणें आहे.

जोतीराव फुले यांचेंच उदाहरण घ्या. १८४७ सालीं, ऐन विशींत, त्यांनीं टॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ वाचला. पुढच्याच वर्षीं एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातींत बरोबरीनें चालल्याबद्दल त्यांचा पाणउतारा झाला. असा अपमान त्या काळीं असंख्यांनीं गिळला होता, व तो जन्माचा भोग समजूनच गिळला होता. उलट इंग्रजी विद्या शिकून मनुष्याच्या हक्कांवर अस्खलित बोलणारेहि थोडे नव्हते. कचेरींत नोकरी लागतांच ते हक्क त्यांनीं पगडीबरोबर खुंटीस टांगले. जोतीरावांच्या ठायीं मात्र वाचलेल्या शब्दानें सोसलेल्या अपमानाला अर्थ दिला, आणि सोसलेल्या अपमानानें वाचलेल्या शब्दाला वजन दिलें. त्याच १८४८ सालीं पुण्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढली.

जोतीराव थोर पुरुष. सामान्य मुलांस त्यांचें माप कसें लावावें, असें कोणी म्हणेल. त्यानें १८५५ सालचा ‘ज्ञानोदय’ काढून पाहावा. फुले यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता नांवाच्या मातंग समाजांतील मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयींचा निबंध त्यांत छापलेला आहे. मुलगी अवघी चौदा वर्षांची. ज्यांना वेद पाहण्याचीहि मनाई, त्यांचा धर्म तरी कोणता, असा तिचा रोखठोक सवाल आहे. डोक्यावर छप्पर नसतां बाळंत होणाऱ्या आपल्या बायांचे हाल तिनें सांगितले आहेत. हें तिला कोणत्या पुस्तकानें पुरविलें? पुस्तकानें अक्षर दिलें, वाक्य दिलें, प्रश्न विचारण्याची हिंमत दिली. मजकूर तिच्या घरचा होता. आणि तो मजकूर घरींच ठेवून ये, असें तिला कोणी सांगितलें नाहीं.

आपण आज नेमकें तेंच सांगत आहोंत. २०१९ च्या ऑगस्टमध्यें सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला. त्याच सालीं दिवाळीनंतर मीं प्रथम वर्षाच्या वर्गास ‘पावसाळ्यांतील एक दिवस’ हा निबंध लिहिण्यास सांगितलें. कृष्णाकांठच्या एका मुलानें सुवाच्य अक्षरांत इंद्रधनुष्य, कागदी होड्या व आईनें तळलेलीं गरम भजीं यांवर दोन पानें लिहिलीं. वर्गांतील आणखी सातजणांच्या होड्या त्याच वाक्यांतून तरंगत होत्या. मीं त्याला बोलावून घरची चौकशी केली. घरांत सहा दिवस पाणी होतें. दोन म्हशी दाव्यालाच गेल्या. आजीला नावेंतून बाहेर काढलें.

“मग हें कां लिहिलें नाहींस तूं?”

तो खरोखर गोंधळला. “सर, तो निबंध दहावीला पाठ होता. आणि हें आमच्या घरचं झालं. तें पेपरांत कसं लिहायचं?”

त्याला दोष देण्याचा अधिकार मला नव्हता. उमेदवारीच्या काळांत दोन वर्षें मीं शाळामास्तरकी केली, तेव्हां ‘माझी दिवाळी’ या विषयावर एका मुलीनें ऊसतोडीला निघालेल्या बैलगाडींत गेलेली दिवाळी लिहिली होती. फराळ नाहीं, आकाशकंदील नाहीं, म्हणून मीं तांबड्या शाईनें ‘विषयास सोडून’ असा शेरा मारला व गुण कापले. विषय तिनें सोडला नव्हता. मीं सोडला होता.

लाखों उत्तरपत्रिका तपासावयाच्या तर ठराविक मुद्दे हवेतच, हा नेहमींचा आक्षेप. परंतु शुद्धलेखन, वाक्यरचना व विचारांचा क्रम हीं तिन्ही तपासण्यास खोटी दिवाळी लागत नाहीं. हा सारा खेळ गुणांपुरता आहे, त्यानें दृष्टि काय बिघडणार, असेंहि विचारतात. दहा वर्षें तोच खेळ खेळलेला मुलगा एक गोष्ट पक्की शिकतो: छापील शब्द दुसऱ्यांच्या घराविषयीं असतो, आणि आपलें घर लिहिण्याच्या लायकीचें नसतें. मग वाचलेलें आपल्या जगण्याशीं ताडून पाहण्याची संवय त्याला कशी लागावी? मोबाइलवर येईल त्या मजकुरावर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो, नाहींतर कशावरच ठेवीत नाहीं. अशा मनापुढें पाठ्यपुस्तकभक्तांनीं कितीहि निवडक धडे मांडले तरी ते दाराबाहेरच राहतील. आणि अनुभवभक्तांस माझें विचारणें एवढेंच, कीं महापुरांतून आलेल्या त्या मुलाजवळ अनुभवाची वाण होती काय? वाण होती ती, हा अनुभव शब्दांत मांडावयाचा असतो या जाणिवेची. आणि ती शाळेनेंच द्यावयाची होती.

म्हणून यादींत कोणता धडा असावा याचा वाद घटकाभर बाजूस ठेवून शिक्षकबंधूंनीं एवढें करावें. महिन्यांतून एक निबंध असा द्यावा कीं ज्याचे मुद्दे कोणत्याहि गाइडांत सांपडणार नाहींत, आणि शिकविलेला एखादा धडा त्याच्याशेजारीं ठेवून वर्गांत दोन्ही वाचावे.

त्या मुलानें निबंध पुन्हा लिहिला. या वेळीं दीडच पान झालें, व शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. तेवढ्या मीं सुधारल्या. बाकीच्या मजकुरास हात लावण्याचें कारण पडलें नाहीं.