पिच्चर काढायचा, पण कशाचा?



गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. मधल्या सुट्टीत चौथीतली चार-पाच पोरं माझ्या टेबलाभोवती जमली. त्यांच्यातली सगळ्यात धीट मुलगी म्हणाली, "सर, आपल्या वडनेरात पिच्चर काढता येईन काय?"

"येईल की!" मी म्हणालो.

"पन त्याले तर लय पैसे लागत असतीन!"

तुम्हालाही असंच वाटतं ना? मोठ्ठा कॅमेरा हवा, नट-नट्या हव्यात, मुंबईला जायला हवं. मग ऐका तर.

१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी लंडनहून कॅमेरा आणला. आपल्या देशात चित्रपट काढायचाच, असा त्यांचा निश्चय होता. पण पैसे कोण देणार? कुणाला खात्रीच पटेना. तेव्हा त्यांनी काय केलं असेल? कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि रोज थोडी थोडी चित्रं घेतली. ती चित्रं पडद्यावर भरभर दाखवली, तर काय! बघता बघता बी रुजलं, कोंब वर आला, वेल वाढला! नट नाही, नटी नाही, वाटाणाच हिरो! ही करामत पाहून पैसे देणारा माणूस मिळाला. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी सुरू झाला.

सिनेमातलं चित्र खरं म्हणजे हलतच नाही, बरं का. स्थिर चित्रं एकामागून एक इतक्या झपाट्यानं येतात, की आपल्या डोळ्यांना ती हलल्यासारखी वाटतात. आजच्या सिनेमात साधारणपणे सेकंदाला २४ चित्रं असतात. मग तीन मिनिटांच्या सिनेमात किती? करा गुणाकार! उत्तर ४,३२० आलं, तर शाब्बास!

आता दुसरी गोष्ट, कॉलेजातली. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यात जेऊर नावाचं गाव आहे. तिथले नागराज मंजुळे अहमदनगरच्या (आता त्याचं नाव अहिल्यानगर आहे) न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात शिकत होते. लोकांपर्यंत आपलं म्हणणं कसं पोहोचवायचं, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्या अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी एक छोटा चित्रपट केला. म्हणजे तुमच्या भाषेत प्रकल्पच की! प्रकल्प म्हटला की आपण काय करतो? दुकानातून चित्रांचा तक्ता आणतो, कापतो, चिकटवतो, झाला प्रकल्प. या विद्यार्थ्यानं तसं केलं नाही. आपल्या आजूबाजूला नीट पाहिलं आणि जे दिसलं, तेच सांगायला घेतलं.

त्या लघुपटाचं नाव 'पिस्तुल्या'. पिस्तुल्या हा एक लहान मुलगा. त्याला शाळेत जायचंय. पण घरी गरिबी, आणि परिस्थिती त्याला ढकलते चोरीकडे. आपल्याकडे काही जमातींच्या कपाळावर जन्मतःच चोराचा शिक्का मारला जायचा. इंग्रजांनी १८७१ मध्ये तसा कायदाच केला होता. स्वतंत्र भारतानं १९५२ मध्ये तो रद्द केला. कायदा गेला, पण लोकांच्या मनातून शिक्का गेला का? तुम्हीच विचार करा.

'पिस्तुल्या'ला २०१० सालच्या चित्रपटांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पिस्तुल्या झालेल्या सूरज पवार या मुलाचाही त्यात खास गौरव झाला. नागराज मंजुळे यांनी पुढे 'फँड्री' केला, २०१६ मध्ये 'सैराट' केला. ते तुमच्या आई-बाबांना विचारा, लगेच सांगतील. पण सुरुवात झाली ती एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून.

हे सगळं मी वर्गात सांगितलं आणि विचारलं, "मग आपण कशाचा पिच्चर काढायचा?" कुणी म्हणालं मारामारीचा, कुणी म्हणालं भुताचा. तेवढ्यात एकानं रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. "सर, हा कापूस वेचायच्या टायमाले शाळेत येतच नाही. त्याचा काढू."

तो मुलगा दोन आठवड्यांपासून येत नव्हता. आई वेचणीला गेली की तीन वर्षांच्या बहिणीला सांभाळायला तो बांधावर बसायचा. मी त्याच्या घरी गेलो. त्याला आणि त्याच्या आईला विचारलं. न विचारता कुणाच्या घरची गोष्ट सांगू नये, हे तुम्हीही लक्षात ठेवा. पोरगा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मले दाखवू नका सर. माही जागा दाखवा."

आम्ही तेच केलं. माझाच फोन, विटांच्या थप्पीवर आडवा ठेवलेला. पहिल्या दिवशी संवाद म्हणून पाहिले, तर हायवेवरच्या ट्रकांच्या हॉर्नपुढे एक शब्द ऐकू येईना! मग ठरलं, संवादच नकोत. हजेरी चालू आहे, एका नावापाशी सगळे थांबतात, सतरंजीवरची जागा रिकामी. एवढंच. तीन मिनिटांचा पिच्चर, खर्च शून्य.

पालकसभेत तो दाखवला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, आवडला नाही. सभा संपल्यावर त्याची आई माझ्याजवळ आली. म्हणाली, "सर, पोरीले अंगनवाडीत बसवतो. याले धाडतो शाळेत." दुसऱ्या दिवशी तो आला. अजूनही एखाद्या दिवशी त्याची जागा रिकामी असते, खोटं कशाला सांगू? पण आता ती साऱ्या वर्गाला दिसते. मधल्या सुट्टीत कुणी ना कुणी त्याच्या घरी जाऊन येतं.

मुलांनो, तुम्हीही असा पिच्चर काढून पाहा. आधी गोष्ट पाच ओळींत लिहा. मग प्रत्येक दृश्याचं वहीत साधं चित्र काढा. फोन हातात न धरता कशावर तरी टेकवा. उजेड कॅमेऱ्याच्या पाठीमागून येऊ द्या. आणि मुख्य म्हणजे, जे तुम्ही रोज पाहता पण मोठ्यांच्या नजरेतून सुटतं, तेच दाखवा.

आणि आई-बाबांनो, रविवारी तासभर तुमचा फोन पोरांना द्या. त्यावर ती काय पाहतात, याची काळजी आपण नेहमीच करतो. एकदा त्यातून ती आपल्याला काय दाखवतात, तेही पाहू या.

तुमचे सर,
वडनेर भोलजी